साहेब, हे रविवारी सांगू नका

रविवारची उपासना संपली की आम्ही चौघं ऑफिसच्या खोलीत दानाची पाकिटं उघडायला बसतो. त्यातलं एक पाकीट आमचे खजिनदार नेहमी शेवटी ठेवतात, कारण ते उघडलं की त्यांना शिंका येतात. पाकिटाला तंबाखूचा वास असतो, आतल्या नोटांनाही असतो. सोलापुरात येऊन मला सहा वर्षं झाली. त्यातली निदान चार वर्षं मी हा वास घेत आलो, खजिनदारांच्या शिंकांना हसत आलो आणि वर्षातून एकदा पुलपिटावरून तंबाखूच्या व्यसनावर कडाडून बोलतही आलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कधी मनात आलं नाही.

ते पाकीट ज्यांचं, त्यांना सगळे अक्का म्हणतात. साठीच्या आसपासच्या आहेत, पूर्व भागात राहतात. माहेर तेलुगू, लग्न होऊन मराठी मंडळीत आल्या. त्यामुळे बाकीच्यांसाठी मी पाळकसाहेब असलो तरी अक्कांसाठी ‘अय्यगारू’. 2025 च्या फेब्रुवारीत एका गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गृहभेटीला गेलो होतो. वचन वाचलं, प्रार्थनेला डोळे मिटले आणि प्रार्थनेच्या मधेच पानाची चुरचुर ऐकू आली. एक डोळा किलकिला करून पाहिलं. अक्कांचे डोळे मिटलेले, डोक्यावर पदर, ओठ हलताहेत आणि मांडीवरच्या सुपात हात चालूच. विडी वळणं थांबलेलं नाही. मला राग आला. राग आला की मी प्रार्थना लांबवतो, ही माझी जुनी खोड आहे. आमेन झाल्यावर बोललोच, “अक्का, देवासमोर दोन मिनिटं हात थांबवता येत नाहीत का?”

त्या ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, “अय्यगारू, प्रार्थना कानाला लागते, तोंडाला लागते. हाताला कुठं लागते? हात रिकामे ठेवून काय करू?” आणि मग लहान पोराला समजवावं तशा सुरात, “आज हजार झाल्या नाहीत तर उद्या ब्रँचमध्ये काय दाखवू?”

घरी येताना स्कूटरवर मी मनातल्या मनात त्यांना तीन-चार उत्तरं दिली. सगळी बायबलातली होती आणि एकही धड नव्हतं.

त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपासकाळाची सुरुवात, 5 मार्चला होता आणि ईस्टर 20 एप्रिलला. मोजले तर 46 दिवस होतात. लेंट मात्र 40 दिवसांचा, कारण मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास कसला? हे गणित मी संडेस्कूलच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवतो. या वेळी मांडताना हातातला खडू थांबला. रविवार काढल्यावर उरतात ते सगळे सोमवार ते शनिवार. म्हणजे माझ्या मंडळीच्या कामाचे दिवस. आणि त्या दिवसांत मी आजवर काय करत आलो? चहा सोडत आलो. एका वर्षी मोबाइल सोडला होता, तेव्हा एका अंत्यविधीला पोहोचायला उशीर झाला आणि ते त्या घरच्यांनी अजून माफ केलेलं नाही.

मी ठरवलं, यंदा चहा चालू ठेवायचा. आठवडाभर रोज काही तास मंडळीतल्या एकाच्या कामाच्या जागी जाऊन बसायचं. मालक किंवा साहेब परवानगी देईल तिथेच जायचं. प्रार्थना घ्यायची नाही, वचन वाचायचं नाही, फक्त बसायचं आणि जमलं तर हाताखाली काम करायचं. पंचांच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा थोडा वेळ पंख्याचाच आवाज येत राहिला. सेक्रेटरी म्हणाले, “मिनिटांत काय लिहू? पाळकसाहेब कारखाने बघणार?” शेवटी त्यांनी ‘विशेष गृहभेटी’ असं लिहिलं. दुसरे एक पंच म्हणाले, फोटो काढा, वार्षिक अहवालाला होतील.

खरं सांगायचं तर मीही त्यांच्याहून फार वेगळा नव्हतो. मला फोटो नको होते, पण उदाहरणं हवी होती. उपदेश करणाऱ्याला उदाहरणाची भूक असते. लग्नाच्या पंगतीत बसलेलो असलो, कुणाच्या अंत्ययात्रेमागे चालत असलो, तरी आत एक माणूस वही उघडून बसलेला असतो: हे वापरता येईल, हे ईस्टरला चालेल. सहा आठवडे, सहा ठिकाणं, म्हणजे वर्षभराची बेगमी, असा सरळ हिशेब होता.

पहिला आठवडा अक्कांचा. सकाळी सातला जायचो, दहापर्यंत बसायचो. सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा पुरुष गिरणीत आणि बाई विडीवर, असा कितीतरी घरांचा हिशेब होता. गिरण्या गेल्या, विडी राहिली. 1966 च्या कायद्याने घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार ठरली, म्हणून अक्कांकडे कार्ड आहे, फंडाचा नंबर आहे. पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, टोक नखाने आत दुमडायचं, दोरा मारायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार.

चाळीस म्हटल्याबरोबर आतल्या वहीवाल्याने मान वर केली. चाळीस दिवस, चाळीस वर्षं रानातली, चाळीस कट्टे! मी अक्कांना ते मोठ्या उत्साहाने सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, “चाळीस झाले तरी छाट निघते ना, मग बेचाळीस करावे लागतात.” खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे मिळत नाहीत. माझं उदाहरण तिथेच छाटीत गेलं.

दोन तासांत मी अकरा विड्या वळल्या. अक्कांनी त्यातल्या नऊ उसवून पानं परत सुपात टाकली. दोन ठेवल्या, म्हणाल्या, “ह्या मिसळून जातील.” सहा वर्षांतल्या माझ्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन कुणी केलं नव्हतं.

‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे.’ प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ मी पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या विद्यालयात, असताना ग्रीकमधून शिकलो. ज्या शब्दाचं आपण ‘रोजची’ असं भाषांतर करतो तो ‘एपिऊसिओस’ हा शब्द मोठा अवघड आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडितालाच तो ग्रीक लेखकांत कुठे आढळला नव्हता. आजची भाकर, गरजेपुरती भाकर, येणाऱ्या दिवसाची भाकर असे त्याचे बरेच अर्थ लावले गेले. एका जुन्या इब्री शुभवर्तमानात त्या जागी ‘उद्याची’ असा शब्द होता, अशी नोंद बायबलाचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने केली आहे. परीक्षेत मी यावर चार पानं लिहिली होती. अक्कांच्या ओसरीवर पाचव्या दिवशी पाहिलं, त्या दहाच्या सुमारास उठल्या आणि आजचं काम अर्धं बाकी असताना उद्याची पानं भिजत घालायला बादली शोधू लागल्या. “रात्री पाणी नसलं तर? पानं वाळली की हात कापतात, उद्याचा दिवस जातो.” उद्याची भाकर आजच मागावी लागते, हे त्यांना ओरिगेनपेक्षा सोपं पडत होतं. ते त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगून त्यांच्या बादलीत काय भर पडणार होती?

तंबाखूचा विषय त्यांनीच काढला. नवरा विडी ओढून ओढून खोकल्याने गेला, हे मला माहीत होतं. अंत्यविधी मीच केला होता. अक्का म्हणाल्या, “तुम्ही त्या रविवारी बोललात ना व्यसनावर. बरोबर बोललात. मी रडले. घरी आले, पानं भिजवली.” मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, “दुसरं काम द्या, उद्या सोडते.” मी शिलाई मशीनचं बोललो, महिला मंडळातर्फे देता येईल म्हटलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. काचेचा एक कोपरा चिकटपट्टीने धरलेला होता. “सुईत दोरा कोण ओवणार?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. पाकीट येतं, आम्ही ते घेतो, खजिनदार शिंकतात. व्यसनावर मी पुढेही बोलणार आहे, पण त्या रविवारी अक्कांच्या बाकाकडे बघणं मला जमेल असं वाटत नाही.

दुसरा आठवडा आणि पुढे लांबलेला तिसरा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेला. टॉवेलचा कारखाना. आमच्या मंडळीतला एक चाळिशीचा माणूस तिथे जॉबर आहे. लूम बंद पडले की उघडून बसतो आणि चालू करून उठतो. या माणसाबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. उपासनेला उशिरा यायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि माझा उपदेश रंगात आला की उठून जायचा. तीन वर्षं मी त्याला मनातून ‘थंड ख्रिस्ती’ या खणात टाकून ठेवलं होतं.

लूमच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, कुणीतरी डोक्यावर पत्रा ठेवून बडवतंय. पाच मिनिटांत छातीतही तोच ठेका सुरू झाला. तिथे कुणी बोलत नाही. बोटं, भुवया आणि ओठ यांवर सगळा कारभार. दोन बोटं वर म्हणजे चहा, मनगट फिरवलं म्हणजे बीम, धागे गुंडाळलेला रूळ, संपत आला. कापसाची बारीक तूस हवेत तरंगत असते आणि पापण्यांवर बसते. बारा तासांची पाळी संपवून माणूस बाहेर पडतो तेव्हा म्हातारा दिसतो. माझा सगळा धंदा आवाजावर चाललेला. तिथे मी पहिल्यांदा निरुपयोगी झालो, आणि सांगायला हरकत नाही, पहिले दोन दिवस मला ते फार लागलं.

मार्च महिना, रमजान चालू होता. शेडमधले निम्मे कामगार रोजे धरणारे. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळी गेलो. साडेसहा वाजून गेले तसे एकेक जण लूम सोडून दाराजवळ खजुराभोवती बसायला लागले, पण लूम बंद झाले नाहीत. जॉबर आणि आणखी तिघं धावत होते. याचा तुटलेला धागा जोड, त्याची कांडी बदल, परत मागे ये. वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी जवळजवळ सगळी शेड चौघांत पळवली. नंतर बाहेर चहाच्या गाड्यावर मी विचारलं, हे रोजचंच का? म्हणाला, “रमजानभर. आणि रविवारी ते माझं बघतात. सव्वानऊ ते अकरा.” गाड्यावरच्या एका पोराने हसून भर घातली, “काय साहेब, तुमचं लेक्चर लांबतं की बे! आमची वाट लागते.” जॉबरने त्याला कोपराने ढोसलं.

सव्वानऊ ते अकरा. त्याची पाळी रविवारीही असते. येण्याजाण्याचा वेळ धरला तर माझा उपदेश सुरू होताना तो आत येणार आणि रंगात येताना बाहेर पडणार. तीन वर्षं ज्याला मी उदासीन समजलो, तो दर रविवारी दुसऱ्याच्या भरवशावर आपले लूम ठेवून, सायकल मारत येत होता. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा वीज गेली. सगळी शेड एकदम मुकी झाली आणि कानात उगाच शिट्टी वाजत राहिली. त्या वेळात त्याने मला टॉवेल कसा होतो ते दाखवलं. टॉवेलच्या लूमला दोन बीम असतात. एकाचे धागे ताणून बांधलेले. दुसरा मुद्दाम ढिला सोडलेला. बाण्याचे, म्हणजे आडवे, तीन धागे गेले की फणी ते तिन्ही एकदम पुढे ठोकते, तेव्हा ढिल्या बीमचा धागा वर उचलला जातो आणि लूप तयार होतो. “हा बीम ढिला पाहिजे. घट्ट केला तर लूपच येत नाही. नुसती चादर होते. पाणी पीत नाही.”

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार. सैल सोडल्याशिवाय शोषून घेता येत नाही! ताणलेला धागा आणि सोडलेला धागा, नियमशास्त्र आणि कृपा! वहीवाला नुसता नाचत होता. एवढं आयतं उदाहरण मला सेमिनरीपासून मिळालं नव्हतं. जॉबर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “साहेब, हे रविवारी सांगू नका.”

मी का म्हणून विचारलं. तो जरा अडखळला. त्याला बोलायची सवय नाही. “मागं तुम्ही सुतारकामाचं सांगितलं होतं. प्रभू सुतार होता म्हणून. माझा मेहुणा सुतार आहे. त्याला ऐकून छान वाटलं. पण नंतर म्हणाला, साहेबांनी रंधा कधी धरलेला दिसत नाही.” थोडं थांबून, “तुम्ही इथं आलात ते बरं वाटलं. पण ते उदाहरणासाठी नको.”

वीज आली. पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्या रविवारी मी काय बोललो ते मला आठवत नाही, टॉवेलचं बोललो नाही एवढं नक्की. आज हे लिहितोय ते त्याला आणि अक्कांना विचारून. कारखान्याचं नाव घालायचं नाही आणि त्याचंही नाही, ही त्याची अट. अक्कांची काही अट नव्हती, फक्त त्या म्हणाल्या की अकरा विड्या जरूर लिहा.

चौथा आठवडा एका स्टाफ नर्सचा होता आणि तो मी निभावू शकलो नाही. दोन रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. तिसऱ्या रात्री त्याच बाकावर झोपलो, तेव्हा तिने येऊन अंगावर चादर टाकली आणि सकाळी म्हणाली, “साहेब, तुम्ही घरी जा. मला तुमच्याकडेही लक्ष द्यावं लागतं.” दवाखान्यातल्या प्रार्थनांवर मी आजवर बरंच बोललेलो आहे. पहाटे चारला बेडपॅन कुठे रिकामं करतात ते त्या दोन रात्रींत कळलं.

31 मार्चला ईद झाली. शेडमधून जॉबरच्या हाती शिरखुर्म्याचा डबा पार्सनेजवर, म्हणजे आमच्या घरी, आला. लेंटमध्ये गोड खावं का, यावर आमच्या घरी अर्धा मिनिट चर्चा झाली.

मग एसटी. आमच्या तरुण संघातला एक जण कंडक्टर आहे, सोलापूर–पंढरपूर गाडीवर. 8 एप्रिलला चैत्री एकादशी होती, त्या दिवशी त्याने मला मुद्दाम बोलावलं. “गर्दी बघायची तर त्या दिवशी या.” गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. टाळ वाजत होते, बायका अर्ध्या तिकिटावर, पंचाहत्तरीच्या वरचे फुकट, आणि प्रत्येकाकडे पाचशेची नोट. हा पोरगा प्रत्येकाचे राहिलेले सुट्टे एका बारक्या वहीत लिहून ठेवत होता आणि मोहोळ गेल्यावर गर्दीतून वाट काढत एकेकाला शोधून देत होता. पंढरपूरला उतरताना एक आजोबा राहिले, त्यांचे तेरा रुपये. तो स्टँडवर धावत गेला, मागून गाड्यांचे हॉर्न. मी विचारलं, एवढं कोण बघतं? म्हणाला, “मशीन बघत नाही, बरोबर आहे.” एवढंच बोलून हजेरी द्यायला गेला.

माझ्या शेजारी मंगळवेढ्याकडची एक म्हातारी होती. तिने पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, एकादशी लक्षात आली तशी परत आत ठेवली, मला म्हणाली, “तू खा की. तुला चालतं का?” मी सांगितलं, मी ख्रिस्ती, पाळक आहे, पण माझाही उपास आहे. “म्हंजे भजन करणाराच की.” मग गळ्याकडे बघून, “माळ न्हाई?” नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग आमच्या उपासनेत अजून म्हणतो. म्हातारीला म्हणून दाखवला एक, टाळाच्या ठेक्यात सहज बसला. तिने शब्दांकडे लक्ष दिलं नाही. चाल बरोबर आहे एवढं सांगितलं आणि पुढची ओळ मी चुकवली तिथे हात वर करून थांबवलं. अभंग तिला माहीत नव्हता, पण अक्षरं कमी पडली हे तिला कळलं.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री मी उपदेश लिहीत बसलो होतो. दीड-पावणेदोन झाले असतील. मागच्या दारी बादल्यांचा आवाज. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि वेळ सांगून येत नाही. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी, ते आलं की घरात दिवाळी असते. सहा वर्षांत मी त्या आवाजाला उठलेलो नाही. पाळकबाई, म्हणजे माझी बायको, भरते, मी लिहितो किंवा झोपतो, आणि सकाळी स्नान करून पुलपिटावर उभा राहतो. त्या रात्री पेन खाली ठेवून बाहेर गेलो. ती पाइप एका पिंपातून दुसऱ्यात टाकत होती. म्हणाली, “अहो, झोपा. तुमचा एसटीचा आठवडा आहे ना अजून?” टोमणा होता की साधा प्रश्न, मला आजही कळलेलं नाही. मी हंडा उचलला. पहिलाच हंडा कमरेवर घ्यायचा की खांद्यावर यात अर्धा सांडला. “राहू द्या,” म्हणाली, “तुम्ही नळी धरा.” तीन वाजेपर्यंत नळी धरून उभा होतो. दोघं काही बोललो नाही. उपदेश अर्धा राहिला, सकाळी अर्धाच झाला.

सोमवारी, 14 एप्रिलला, शहर आंबेडकर जयंतीत होतं. आमच्या मंडळीतली पोरंही मिरवणुकीत. पवित्र सप्ताहाची संध्याकाळची सभा रिकामी राहिली म्हणून मी एरवी कुरकुरलो असतो. या वेळी सभा अर्ध्या तासात संपवली आणि आम्ही उरलेले सातजण मिरवणूक बघायला गेलो.

उत्तम शुक्रवारी, 18 तारखेला, बारा ते तीन, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची सभा. एप्रिलचं सोलापूर, वर पत्रा. पाचवा उद्गार दरवर्षी माझ्याकडे असतो: ‘मला तहान लागली आहे.’ दरवर्षी वीस मिनिटं बोलतो, त्यात आत्म्याची तहान, जगाची तहान असे तीन मुद्दे असतात. या वेळी चार मिनिटं बोललो. माणूस उन्हात टांगलेला होता, त्याला पाणी हवं होतं, त्याने मागितलं, एवढंच सांगितलं आणि खाली बसलो. मंडळी खूश झाली. त्यात अध्यात्माचा भाग किती आणि उकाड्याचा किती, हे मी तपासलं नाही. सेक्रेटरींनी मात्र नंतर बाजूला घेऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना?

ईस्टर झाला आणि मी जुन्या वळणावर यायला लागलो होतो. मे महिन्यात वही पुन्हा उघडली होती, खोटं कशाला बोलू.

18 मे 2025 हा रविवार. पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. साडेसहाला मला पहिला फोन आला. जॉबरचा कारखाना तो नव्हता, पण हे कळेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्याचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मागे सायरन ऐकू येत होते. “मी बरा आहे,” म्हणाला आणि ठेवला. आग दिवसभर धुमसत होती. आत माणसं अडकली आहेत एवढंच उपासनेच्या वेळी माहीत होतं. शेवटी आठ जण गेले.

त्या सकाळी माझ्याकडे तयार उपदेश होता, टाइप केलेला. मी तो टेबलावरच ठेवला. स्तोत्र वाचलं, मग माणसं अजून आत आहेत असं सांगितलं आणि आम्ही सगळे बसून राहिलो. कुणी मोठ्याने प्रार्थना केली नाही. पाच मिनिटांनी मला पानाची चुरचुर ऐकू आल्याचा भास झाला. डोळे उघडून अक्कांकडे पाहिलं. हात रिकामे होते, पण बोटं मांडीवर चालत होती. साडेनऊला मागचं दार वाजलं. जॉबर आला, मागच्या बाकावर बसला आणि बसल्या बसल्या झोपला. अकरा वाजले तरी उठला नाही. कुणी उठवलं नाही. त्याचे लूम कोण बघत होतं, की त्या दिवशी बंद होते, हे मी विचारलं नाही.

मंगळवारी रात्री मी त्याच्या शेडवर गेलो. बोलावलं नव्हतं. लूम चालू होते, त्याने दुरूनच हात केला आणि बोटाने मागे चला अशी खूण केली. शेडच्या मागच्या बाजूला तयार टॉवेलांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असायचे, त्यांना पाठ टेकवून मी मार्चमध्ये चहा प्यायलो होतो. गठ्ठे नव्हते. तिथे एक लोखंडी दार होतं, गंजलेलं, त्याच्या कडीला नवीन तेल. दोन आठवडे तिथे बसून मला त्या भिंतीत दार आहे हे माहीत नव्हतं. त्याने कडी काढून ते ढकललं. बाहेर अंधार, बाभळी आणि गार वारा. दार उघडं ठेवून आम्ही पायरीवर बसलो, तिथे थोडंफार ऐकू येत होतं. रविवारी रात्री पाळी सुटल्यावर बाराजणांनी मिळून सगळे गठ्ठे पुढच्या गाळ्यात नेले होते. मालकाला सकाळी सांगितलं. तो आधी ओरडला, मग गप्प बसला.

तूस उडत बाहेर येत होती. त्याने पापण्या पुसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “साहेब, हे मात्र रविवारी सांगा. आपल्यातले अजून चौघं आहेत एमआयडीसीत. त्यांना म्हणावं, मागचं दार बघून या.”